सेकंडहँड गेमवर आधीच्या मालकाचं नाव असेल तर काय करायचं: पुसायचं, ठेवायचं की झाकायचं?

जुना गेम घरी आला की बहुतेक जण आधी कापूस आणि सॅनिटायझर घेऊन बसतात, मागे मार्करने लिहिलेलं नाव खसाखसा घासतात, आणि नाव अर्धवट जातं पण लेबलचा रंग मात्र पूर्ण जातो. मग जुने गेम जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो टाकून विचारतात की आता काय करू. आता काय करणार, काही नाही. म्हणून हे सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. क्रम साधा आहे, आधी वाचा, मग फोटो काढा, मग सेव्ह (म्हणजे आधीच्या मालकाने खेळून साठवून ठेवलेला गेम) बघा, मग ठरवा, आणि पुसायचं असलंच तर ते सगळ्यात शेवटी.

मी ठाण्यात राहतो आणि नवी मुंबईतून बऱ्याच वस्तू उचलतो त्यामुळे उदाहरणं इकडचीच येतील, पण पद्धत कुठेही चालेल.

आधी काय काय सापडतं ते ओळखा

आपल्याकडे ज्याला सगळे कॅसेट म्हणतात, म्हणजे समुराई, मीडिया, लिटल मास्टर वगैरे टीव्ही गेममध्ये घालायची ती साठ पिनांची, तिच्यावर सगळ्यात जास्त लिखाण सापडतं. कारण उघड आहे, कॅसेट बिल्डिंगभर फिरायची. मे महिन्याच्या सुट्टीत एकाकडे काँट्रा, दुसऱ्याकडे मारिओ, अदलाबदल चालू, आणि परत आपलीच मिळावी म्हणून मागे नाव. सिडकोच्या कॉलनीतून आलेली असेल तर नावाऐवजी नुसता सेक्टर आणि रूम नंबर असतो, पोराला नाव लिहायची गरजच वाटलेली नसते. ठाण्यातल्या जुन्या चाळी आणि सोसायट्यांमधून आलेल्यांवर आडनाव जास्त. काहींवर तर शाळेच्या वहीचं लेबल चिकटवलेलं असतं, नाव, इयत्ता, तुकडी, विषय, आणि विषयाच्या जागी 'गेम'.

नेलपॉलिशचा ठिपका म्हणजे भावंडांची वाटणी किंवा मोठ्या बहिणीची बाटली ढापलेली. व्हाइटनरने लिहिलेला मोठा आकडा असेल तर ती बहुतेक भाड्याची, लायब्ररी किंवा गेम पार्लरवाल्याची, त्यांना नावाशी घेणंदेणं नसायचं, नंबर हवा असायचा. आणि कर्कटकाने कोरलेलं नाव म्हणजे मालक सिरीयस होता.

पोरं एवढी जपायची त्याचं कारणही लक्षात घ्या. १९९५ च्या सुमारास शॉ वॉलेस कंपनीने सेगा मेगा ड्राइव्ह हा परदेशी टीव्ही गेम इकडे अधिकृतपणे आणला तेव्हा किंमत १८ हजारांच्या घरात होती, त्या काळातले १८ हजार. त्यामुळे बहुतेक घरांत क्लोनच, म्हणजे परदेशी मशीनची स्वस्त नक्कल, होता, आणि त्याची एक कॅसेटसुद्धा वाढदिवसाला मिळायची गोष्ट होती. आज आपण जमवतोय त्यातलं निम्मं तेव्हा आपल्याला मिळालं नव्हतं म्हणूनच जमवतोय, उगाच बालपणीच्या आठवणी वगैरे म्हणायचं.

माझ्याकडची सगळ्यात आवडती वस्तू अशी आहे, पिवळ्या बॉडीची '९९९९ इन १', पुढचं लेबल अर्धं फाटलेलं, मागे रेघी वहीचं पान घडी घालून सेलोटेपने डकवलेलं, सेलोटेप आता मधासारखा पिवळा झालाय. पानावर निळ्या बॉलपेनाने आकडे आणि समोर नावं, 'टँकवाला (डबल)', 'बदकवाला', 'काँट्रा', आणि खाली एका आकड्यापुढे 'काँट्रा पुढच्या लेव्हलपासून'. अशा कॅसेटमध्ये खरे गेम मोजकेच असतात, तेच तेच वेगळ्या आकड्याखाली परत येतात, फक्त कुठे सुरुवातीची लेव्हल बदललेली, कुठे जादा लाइफ. म्हणजे कुणीतरी बसून एकेक आकडा लावून बघितला आणि यादी केली. छापील लेबल खोटं बोलतं, हे पान खरं बोलतं. असलं पान काढून फेकणाऱ्याला मी कॅसेट विकणार नाही.

घेण्याआधीच विचारा

ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस किंवा ओळखीचा रद्दीवाला, कुठूनही घ्या, पण मागच्या बाजूचा फोटो मागा. विकणारे फक्त पुढचा टाकतात. डिस्कवाला गेम असेल तर डिस्कच्या दोन्ही बाजू, कव्हरची आतली बाजू, आणि मॅन्युअलची शेवटची पानं, तिथे 'नोट्स' म्हणून कोरी पानं असतात आणि पोरं तिथेच चीट कोड लिहून ठेवायची.

दुसरं, आणि हे फार महत्त्वाचं, प्लेस्टेशन १ किंवा २ घेत असाल तर आधीच सांगून ठेवा, 'दादा, मेमरी कार्ड फॉरमॅट करू नका, आहे तसंच द्या.' लोक चांगुलपणाने साफ करून देतात आणि तिथेच सगळं संपतं. पीएस ३ च्या पुढचं मशीन असेल तर मात्र उलटं सांगायचं, त्यात त्यांचं अकाउंट, फोटो, काहीही असू शकतं, ते त्यांनी स्वतः लॉगआउट करून काढलेलंच बरं.

दिवाळीच्या साफसफाईच्या आधीचे दोन आठवडे रद्दीवाल्याकडे चक्कर मारा. माळा तेव्हा रिकामा होतो. आणि स्टेशनवर भेटून व्यवहार करणार असाल, ठाणे किंवा वाशी, तर गर्दीत उभं राहून घाईत बघू नका, बाहेर येऊन उजेडात बघा. मार्कर घासून पुसलेल्या जागी प्लास्टिक वेगळं चमकतं ते ट्यूबलाइटखाली दिसत नाही.

किमतीचे स्टिकर पण वाचा. दिरहममधला आकडा असेल तर गेम काका-मामांबरोबर दुबईहून आलाय. डॉलरमधला असेल तर अमेरिकेहून, आणि मग पीएस २ चा असेल तर आपल्याकडच्या पाल (युरोपसारख्या टीव्ही पद्धतीच्या) मशीनवर तो चालणार नाही, कुठलाही गेम चालावा म्हणून चिप मारलेलं मशीन असेल तर गोष्ट वेगळी. खात्री करायची तर डिस्कवरचा कोड बघा, एसएलईएस किंवा एससीईएस म्हणजे युरोपचा पाल, एसएलयूएस म्हणजे अमेरिका, एसएलपीएस किंवा एसएलपीएम म्हणजे जपान.

घरी आणल्यावर: फोटो आणि वही

पुसायच्या आधी फोटो. सगळ्या सहा बाजू. मोबाईलचा फ्लॅश नको, टेबलावर ठेवून बाजूने टॉर्च मारा, म्हणजे उजेड आडवा पडतो आणि पुसलेल्या नावाचा दाब, कोरलेल्या रेघा, स्टिकर निघाल्याची कड, सगळं उठून दिसतं. पुष्कळदा एका नावाखाली दुसरं नाव असतं. पहिल्याने धाकट्या भावाला दिली, भावाने मित्राला विकली, असं.

मग वहीत किंवा एक्सेलमध्ये लिहा, कुठल्या भागातून आली, कोणी दिली, काय बोलले. विकणाऱ्याशी दोन मिनिटं बोला राव. 'मुलाचं होतं, तो आता पुण्याला असतो' एवढं जरी कळलं तरी त्या नावाला अर्थ येतो. हे सहा महिन्यांनी आठवत नाही.

सेव्ह बघितल्याशिवाय स्क्रू उघडू नका

प्लास्टिकवरचं नाव दिसतं तरी, सेव्हमधलं दिसत नाही म्हणून जास्त लोक ते घालवतात.

गेमबॉयची (निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा गेम) पोकेमॉन रेड किंवा ब्लू असेल तर चालू करून 'कंटिन्यू' वर जा, तिथे ट्रेनरचं नाव, बॅजेस आणि खेळलेला वेळ दिसतो. नावाला सातच अक्षरं मिळतात, त्यामुळे इंग्रजीत लिहिलेल्या सिद्धेशचा शेवटचा एच गळलेला सापडेल. 'न्यू गेम' चुकूनही सेव्ह करू नका, एकच जागा असते.

हे सेव्ह आत बसवलेल्या नाण्यासारख्या बॅटरीवर जिवंत असतं. बॅटरी मेली की सेव्ह गेलं, बॅटरी काढली तरी गेलं. पोकेमॉनच्याच गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये घड्याळ पण त्याच बॅटरीवर चालतं म्हणून ती लवकर मरते. नंतरच्या रूबी आणि सफायरमध्ये मात्र बॅटरी फक्त घड्याळासाठी आहे, सेव्ह वेगळ्या चिपवर राहतं, त्यामुळे 'बॅटरी संपली' असा मेसेज आला तरी घाबरू नका. जुन्या कॅसेटचं सेव्ह कॉम्प्युटरवर घ्यायला जीबीएक्सकार्ट नावाचं छोटं यंत्र मिळतं, युएसबीला लावायचं, कॅसेट घालायची, फाइल काढायची. बॅटरी बदलायची असेल तर आधी ही फाइल, मग बाकीचं, आणि नवी बॅटरी बसवून झाली की तीच फाइल परत लिहायची. म्हणजे सिद्धेश जिथे होता तिथेच राहतो.

पीएस २ च्या मेमरी कार्डात आणखी मजा. ८ एमबीचं कार्ड, मशीनमध्ये डिस्क न घालता चालू करा आणि ब्राउझरमध्ये जा, प्रत्येक सेव्हची तारीख दिसते. एका कार्डात मी बघितलं, सगळ्या तारखा एप्रिल-मे मध्ये, जूनचा दुसरा आठवडा आला की एकदम शांतता, मग थेट दिवाळी. शाळा कधी सुरू झाली ते कॅलेंडर न बघता कळतं. फक्त एक, घड्याळ सेट केलेलं नसेल तर सगळ्या तारखा २००० सालच्या दाखवतात, त्यावरून कथा रचू नका. पीएस १ च्या कार्डात १५ ब्लॉक असतात आणि तारखा नसतात, तिथे गेमची यादीच काय ती बोलते.

ठेवायचं की काढायचं

माझा नियम असा. माणसाच्या हाताने लिहिलेलं असेल ते राहतं. दुकानाने चिकटवलेलं असेल ते बघून ठरवायचं. कुणाचा फोन नंबर किंवा पूर्ण पत्ता असेल तर वस्तूवर राहू दे पण फोटोत झाकायचा, ग्रुपवर टाकताना तर नक्कीच.

दुकानाच्या स्टिकरमध्येही दोन प्रकार. 'सेल' किंवा नुसता किमतीचा गोल टिकला असेल तर खुशाल काढा. पण आयात केलेल्या गेमच्या मागे जो एमआरपी, आयातदाराचं नाव-पत्ता आणि महिना-वर्ष लिहिलेला पांढरा स्टिकर असतो, तो काढायचा नाही. तो कायद्याने लावावा लागतो, आणि आपल्यासाठी तो पुरावा आहे की ही प्रत भारतात अधिकृत विकायला आली, आणि साधारण कुठल्या वर्षी आली. बाहेरचे कलेक्टर त्याला कचरा समजतात, आपण समजू नये. खास इकडचे गेम, म्हणजे २००९ चे 'हनुमान: बॉय वॉरियर' किंवा 'देसी अड्डा', हे पीएस २ वाले, यांवर तर एमआरपीसकट पूर्ण कव्हरच हवं.

भाड्याच्या लायब्ररीचे शिक्के पण मी ठेवतो. अमेरिकेत ब्लॉकबस्टर या भाड्याने व्हिडिओ आणि गेम देणाऱ्या दुकानांचे स्टिकर असलेल्या कॅसेट मुद्दाम जमवणारे लोक आहेत, मग आपल्या गल्लीतल्या लायब्ररीने काय घोडं मारलंय?

सीलबंद, मिंट, ग्रेड केलेलं असलं काही जमवायचं असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, त्यांनी नाव असलेली वस्तू घेऊच नये. घेऊन मग घासत बसण्यात काय पॉइंट आहे.

काढायचंच असेल तर, पृष्ठभाग बघून

सामान: आयसोप्रोपिल अल्कोहोल, जमेल तितकं शुद्ध, ९९ टक्केवालं मिळालं तर उत्तम. केमिकलच्या दुकानात मिळतं, ऑनलाइन मिळतं, आणि घाई असेल तर स्टेशनजवळचा कुठलाही मोबाईल रिपेअरवाला आयपीए म्हटलं की ओळखतो. कानातल्या कापसाच्या काड्या, मऊ कापड, पांढरा खोडरबर, हेअर ड्रायर, बांबूची टूथपिक. खिडकी उघडी ठेवा आणि गॅसजवळ बसू नका, भडकतं ते.

प्लास्टिकवरचा परमनंट मार्कर आयपीएने निघतो. काडी ओली करून आधी कोपऱ्यात न दिसणाऱ्या जागी लावून बघा, रंग उतरत नसेल तर नावावर धरून ठेवा, थोडं थांबा, मग काडी गोल फिरवत उचला. घासायचं नाही, आणि काळी झालेली काडी परत वापरायची नाही, नाहीतर शाई पसरते आणि प्लास्टिकच्या खरखरीत भागात जाऊन बसते. आयपीए नसेल तर व्हाइटबोर्डच्या मार्करने नावावरच गिरवा आणि लगेच पुसा, त्याच्यातलं द्रव जुनी शाई सोडवतं, गुळगुळीत प्लास्टिकवर हे मस्त चालतं.

कागदी लेबलवर नाव असेल तर विसरा. आयपीए लेबलच्या छपाईची शाईपण उचलतं आणि कागदात डाग पसरतो. पेन्सिलने लिहिलं असेल तरच खोडरबर, तोही हलक्या हाताने. पुठ्ठ्याच्या बॉक्सवर कुठलंही ओलं काही लावू नका.

नेलपॉलिश बघून लोकांना नेलपॉलिश रिमूव्हर सुचतो. अजिबात नाही. त्यात बहुतेक वेळा ॲसिटोन असतं आणि कॅसेटचं प्लास्टिक त्याने विरघळतं, बोटाचा ठसा उमटेल इतकं मऊ होतं. टूथपिकने कडेने थोडं थोडं उचलायचं. व्हाइटनर तर नखानेच टवका टवका निघतो, राहिलेलं आयपीएने.

कर्कटकाने कोरलेलं राहू द्या. पॉलिश पेपर मारून ते जात नाही, नुसता खड्डा मोठा होतो.

स्टिकरला हेअर ड्रायरची कोमट हवा, गरम नाही, मग कोपरा उचलून अगदी आडवं धरून हळूहळू ओढा. डीव्हीडीसारखी प्लास्टिकची केस असेल तर आधी कव्हरचा कागद आणि डिस्क बाहेर काढा, आणि राहिलेल्या चिकटपणाला खोबरेल तेल लावून दहा मिनिटं ठेवा, मग भांड्यांच्या साबणाने धुवा. आईची पद्धत आहे, चालते. कॅसेटला मात्र तेल नको, ते लेबलखाली शिरतं, तिथे लायटरमध्ये भरायचं फ्लुइड काडीवर थोडंसं.

डिस्कवर लिहिलेलं असेल तर

हे वेगळं काढून लिहितोय कारण इथे नुकसान कायमचं होतं. आपण सगळे डिस्कच्या खालच्या बाजूला जपतो, पण सीडीचा डेटाचा थर वरच्या, म्हणजे छापलेल्या बाजूला असतो, छपाई आणि लॅकरच्या पातळ थराखाली. पीएस १ चे सगळे गेम सीडी आहेत, काळ्या तळाचे. पीएस २ चे निळ्या तळाचे पण सीडीच. यांच्या वरच्या बाजूला मार्करचं नाव असेल तर घासू नका, आयपीए लावू नका, काहीच करू नका. खालच्या बाजूचा ओरखडा पॉलिश करून सुधारू शकतो, वरून थर निघाला की तिथला डेटा संपला. डिस्क उजेडाकडे धरून बघा, सुईच्या टोकाएवढे आरपार ठिपके दिसले तर तेच झालंय. डीव्हीडीत डेटा दोन चकत्यांच्या मध्ये असतो म्हणून ती जरा सोशिक, पण नाव काढायसाठी जोखीम घ्यायची गरज तिथेही नाही.

पिना

फुंकर मारू नका. लहानपणी सगळ्यांनी मारली, चालू झाली ती परत नीट बसवल्यामुळे, फुंकरीने नाही, उलट थुंकीचा ओलावा पिनांना गंज आणतो. काडीला आयपीए लावून पिनांवर उभ्या दिशेने फिरवा, काळं निघणं थांबेपर्यंत. जुन्या गेमबॉयसारख्या निन्टेन्डोच्या ओरिजिनल कॅसेट उघडायला ३.८ मिमीचा गेमबिट (त्यांच्या खास स्क्रूचा स्क्रूड्रायव्हर) लागतो, ऑनलाइन स्वस्तात मिळतो, पक्कडीने स्क्रू फिरवू नका. बॅटरी बदलणार असाल तर पत्र्याचे पाय आधीच जोडलेली घ्या, बटण सेलवर थेट सोल्डरिंग करायचं नसतं.

नाव आहे म्हणजे ओरिजिनल का?

नाही. पण मदत होते. गेमबॉय ॲडव्हान्सच्या पोकेमॉनच्या ड्युप्लिकेट बाजारात भरपूर आहेत आणि त्या सहसा चकचकीत, कोऱ्या लेबलच्या असतात. विशीतली झिजलेली कॅसेट, नाव लिहिलेलं, त्या नावावरही झीज चढलेली, असं असेल तर माझा संशय कमी होतो. झीज आधी आणि नाव वरून ताजं असेल तर वाढतो. पक्कं बघायचं तर ओरिजिनल लेबलवर दोन आकड्यांचा दाबून उमटवलेला ठसा असतो, तिरका धरल्यावर दिसतो, आणि पिनांच्या वर बोर्डावर निन्टेन्डोचं नाव असतं. आपल्या साठ पिनांच्या क्लोन कॅसेटना हे लागू नाही, त्या बहुतेक सगळ्याच ड्युप्लिकेट, आत चिपच्या जागी काळा डांबरासारखा थेंब, आणि तरी मला त्याच जास्त प्रिय.

पावसाळा

खाडीच्या दोन्ही बाजूंना जुलैत कपाटातले चपलांचे पट्टे पांढरे होतात, तर कागदी लेबलांचं काय होत असेल. झाकण घट्ट बसणारे डबे, आत सिलिका जेल, महिन्यातून एकदा उघडून बघणं. वरच्या मजल्यावर राहत असाल तर माळ्यावर ठेवू नका, मे महिन्यात तिथे सेलोटेपचा गोंद वितळून सरकतो. पाऊच घ्यायचे तर पॉलीप्रॉपिलीनचे, पीव्हीसीचे नकोत, ते शाईला चिकटतात. आणि रबरबँड काढून टाका. चार कॅसेट एकत्र बांधलेला गठ्ठा आला की तो रबर लेबलवर विरघळून बसलेलाच असतो.

मालक सापडला तर, आणि विकताना

जपानमध्ये नाव लिहिलेल्या कॅसेट जमवून त्या मूळ मालकाला परत द्यायचा उपक्रमच लोक चालवतात. इकडेही जमू शकतं, सोसायटीचं नाव असेल तर वॉचमनला किंवा सोसायटीच्या ग्रुपवरच्या ओळखीच्याला विचारा, पण लिहिलेल्या जुन्या नंबरवर थेट फोन लावू नका, तो नंबर आता कुणाचा असेल सांगता येत नाही. सोशल मीडियावर आडनाव शोधत फिरू नका. समोरून कुणी ओळखून मागितली तर आत काय लिहिलंय, सेव्हमध्ये कोणतं नाव आहे, ते त्यालाच विचारा. बरोबर सांगितलं तर ज्या किमतीला घेतली त्याच किमतीला द्या, वर शंभर रुपये लावू नका.

विकायची असेल तर मागचा फोटो पहिला टाका, नाव आहे हे स्पष्ट लिहा, आणि त्यासाठी भाव कमी करू नका. 'नाव पुसून देता का' असं विचारणारा एक तरी येतोच. त्याला सांगा, घेऊन जा आणि तुझं तू पूस, मी ब्लॉकलिस्टमध्ये टाकत नाही पण पुढच्या वेळी मेसेजला उत्तर जरा उशिरा देईन.